क्रँकचा बोल्ट, तेवीस ते पंचवीस जानेवारी

आमचे हे, हवालदार मारोती भोयर, बावीस वर्षं फौजेत होते. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. शेवटची पोस्टिंग उत्तरेकडे पहाडात, एका फील्ड वर्कशॉपमध्ये. त्यातली दोन वर्षं मी फॅमिली क्वार्टरमध्ये सोबत राहिले. सकाळी सहाला पीटी. साडेसातला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. आठला औजारांची मोजणी आणि संध्याकाळी पाचला पुन्हा मोजणी. एक पाना कमी भरला तर कोणी घरी येत नसे. एकदा बारा नंबरच्या पान्यासाठी सगळं वर्कशॉप अंधार पडेपर्यंत बर्फ उकरत होतं. पाना एका जवानाच्या बुटात सापडला. तोच बूट डोक्यावर धरून त्याला ग्राउंडच्या दहा चकरा मारायला लावल्या.

पेन्शनवर आल्यावर यांनी समुद्रपूरजवळ, आमच्या घराच्या अंगणातच गॅरेज टाकलं. तिथेही आठला मोजणी आणि पाचला मोजणी. मोजणी मी करत असे. मी चौथी शिकले आहे, आकडे आणि अक्षर बरं आहे. प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड मी लिहायची. गाडी कधी आली, काय खोललं, किती वाजता. यांना वेळेशिवाय लिहिलेलं चालत नसे. म्हणून ही आठवणही मी वेळेसकट लिहिते आहे.

दुसरे होते नायक सोमा मडावी. यांच्याच वर्कशॉपमध्ये ड्रायव्हर होते, यांच्यानंतर दोन वर्षांनी पेन्शनवर आले. त्यांचं गाव आमच्यापासून सहा किलोमीटर. घरी आईशी गोंडी बोलत, आमच्याशी वऱ्हाडी आणि यांच्याशी फौजेची हिंदी. एका कंपनीच्या गेटवर त्यांना गार्डची नोकरी होती. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे मदतीला येत. यांना ते उस्ताद म्हणत, मला वहिनी.

गिऱ्हाइकासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. गॅरेज सुरू झालं तेव्हा पहिल्याच महिन्यात हे गाडीखाली होते आणि जॅक सरकू लागला. मी पाहिलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून मी यांचा पाय धरून ओढला पण आवाज काढला नाही. हे बाहेर आले, अंगावरची माती झटकली आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले,

"मी मेलो असतो तं काय मनात रडली असती का?"

मी सरकलेला जॅक नीट बसवू लागले.

"बरं. तोंडानं नाई तं पान्यानं बोल."

त्या दिवसापासून माझ्या हातात चौदा नंबरचा पाना. ट्रकचा क्लीनर बॉडीवर थाप मारतो तसंच. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. फौजेत बिघडलेली गाडी ओढून काढताना शिट्टी असते, आमच्याकडे माझा पाना होता. अकरा वर्षं त्यावर काम चाललं. एकदाही चूक झाली नाही. मडावी भाऊ चिडवायचे, "वहिनीचा वायरलेस सेट लय पक्का. बॅटरी लागत नाई."

तेवीस जानेवारीला सकाळी साडेआठला ती जीप आमच्या अंगणात आली. साठ वर्षांपूर्वीची उघडी जीप, फौजेच्या लिलावातून फिरत फिरत आलेली. मालक वर्ध्याकडचे. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. त्यांना जुन्या गाड्यांची हौस. सव्वीस जानेवारीला तालुक्यातल्या माजी सैनिकांचा सत्कार होता. पाहुणे या जीपमध्ये उभे राहून मैदानात येणार होते. जीप हे चालवणार होते, कोटावर मेडल लावून. दादासाहेबांनीच तसं ठरवलं होतं. यांनी कोट आधीच इस्त्री करून दाराच्या मागे टांगला होता.

जीपमध्ये दोष एवढाच की इंजिनाच्या पुढून ऑइल टपकत होतं. ऑइल अडवणारं पुढचं रबरी कडं, ऑइल सील, गेलं होतं. यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हे असंच चालू द्या. थेंब थेंब जाते. सहा महिने काई होत नाई. सत्कार झाल्यावर आरामात खोलू."

"पाहुण्याच्या पायाजवळ काळं ऑइल पडलं पाहिजे का, हवालदार?" दादासाहेब म्हणाले. "मैदानात रांगोळी आहे."

यांनी होकार दिला. मी कार्डावर लिहिलं, ऑइल सील बदलणे.

सील बदलायचं तर पुढची पुली काढावी लागते. इंजिनाच्या मधून जो मोठा दांडा जातो तो क्रँक. त्याच्या पुढच्या टोकावर पुली बसते आणि पुली एका मोठ्या बोल्टनं आवळलेली असते. तो एक बोल्ट निघाला की बाकीचं काम दोन तासांचं. रेडिएटर सव्वानऊला उतरवलं. दहाला बोल्टला गोटी पाना लावला, त्याची लोखंडी गोटी बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसते.

बोल्ट हलला नाही.

गाडी गिअरमध्ये टाकली, चाकांना लाकडं लावली, मडावी भाऊंनी ब्रेक दाबून धरला. यांनी पान्याच्या दांड्यावर चार फुटी पाइप चढवला आणि डाव्या बाजूनं सगळं वजन टाकून खाली दाबलं. जीप लाकडावर चढू लागली, बोल्ट तसाच. दुसऱ्यांदा दांडा वाकला. संध्याकाळपर्यंत रॉकेल आणि डिझेल मिसळून बोल्टच्या कडेनं सोडत राहिले. पाचला मोजणी केली. वाकलेला दांडा मोजणीत धरायचा की नाही, मी विचारलं. हे म्हणाले, "जखमी आहे, मेला नाई. धर."

चोवीस तारखेला हिंगणघाटहून हवेची गन आणली. ती गुरगुरली, बोल्ट हलला नाही. यांनी बोल्टच्या डोक्यावर घणाचे ठोके दिले. पुन्हा गन लावली, पुन्हा ठोके दिले. दुपारी तीनला यांनी टॉर्च घेऊन बोल्टच्या मुळाशी पाहिलं आणि मडावी भाऊंना दाखवलं. आत लाल रेघ दिसत होती.

"कोण्या शहाण्यानं लाल लॉक टाकलं सोमा."

आटे सुटू नयेत म्हणून एक लाल औषध लावतात. ते वाळलं की बोल्ट आणि क्रँक एकजीव होतात. त्याला उपाय एकच, गॅसची आग. बोल्ट चांगला तापवला की ते औषध वितळतं. गॅसवाला, म्हणजे वेल्डिंगवाला, आमच्या ओळखीचा होता, पण मुलीकडे गेला होता. पंचवीसला संध्याकाळी येणार होता. हे म्हणाले, "पंचवीसला सात वाजता तापवू, नऊला सील बसेल, अकराला गाडी तयार." हिशेब बरोबर होता. मी कार्डावर तसं लिहिलं.

मडावी भाऊंनी दुसरा उपाय काढला. पाइप चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, अडकवायचा आणि स्टार्टर मारायचा. क्रँक फिरते, पाना अडकलेला राहतो, बोल्ट सुटतो. हे नाही म्हणाले. यांचा नियम होता की दुसरा उपाय असेल तोवर इंजिनाच्या ताकदीनं बोल्ट खोलायचा नाही. माणसाची ताकद थांबवता येते, स्टार्टरची नाही, असं ते म्हणत.

पंचवीसला दुपारी सव्वातीनला दादासाहेब आले. सोबत सत्काराच्या कमिटीतले दोघे आणि त्यांचा ड्रायव्हर. मी शेडच्या आत सरकले.

"हवालदार, फौजेत तुम्ही टँक खोलत होते म्हणे. इथं एक बोल्ट निघत नाही?"

मडावी भाऊ म्हणाले, "टँक सरकारचा होता साहेब. त्याले घाई नव्हती."

कमिटीतला एक हसला. दादासाहेब हसले नाहीत. "गॅसवाला येईल, न येईल. पाचपर्यंत पुली निघाली तर ठीक. नाही तर मी जीप उचलून नेतो, दुसरी गाडी पाहतो. मग चालवणाराही दुसरा पाहावा लागेल."

यांनी दाराकडे पाहिलं. दारामागे कोट होता. मग मडावी भाऊंना म्हणाले, "बॅटरी जोड."

त्यानंतरचं मी जसं घडलं तसं लिहिते.

पावणेचार. यांनी कॉइलची तार काढली, म्हणजे इंजिन पेटणार नाही, फक्त फिरेल. गिअर न्यूट्रल. मडावी भाऊ सीटवर. जुन्या जीपला स्टार्टरचं बटन पायाखाली असतं. त्यांनी पाय बटनाच्या बाजूला ठेवला. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. हे पुढे, इंजिनासमोर बसलेले. मी डाव्या मडगार्डजवळ, हातात पाना. हे पाइप आपल्या उजव्या बाजूला चेसीवर टेकवणार, हात काढणार आणि "लागला" म्हणणार. मग मी दोन ठोके देणार. मग मडावी भाऊ बटन दाबणार.

पहिल्यांदा तसंच केलं. दोन ठोके, बटन. पाइप चेसीवर आपटला, गोटी बोल्टवरून निसटली.

"थांब, पाना सरकला," हे म्हणाले.

मी एक ठोका दिला. मडावी भाऊंनी पाय बाजूला घेतला. आतून म्हणाले, "उस्ताद, राहू द्या ना. येऊ द्या गॅसवाल्याले."

"एकदा पाहू."

यांनी गोटी पुन्हा बोल्टवर ठोकून बसवली. नीट बसली की नाही ते पाहायला पाइप डाव्या बाजूला घेतला आणि त्यावर वजन देऊन हलवू लागले. दोन दिवस त्याच बाजूनं जोर लावत होते, हाताला तीच सवय. स्टार्टर फिरला की उजवीकडचा पाइप खाली चेसीवर दाबला जातो, डावीकडचा वर उडतो, आणि यांची मान त्या पाइपच्या वर होती.

दादासाहेब उजव्या मडगार्डजवळ उभे राहून फोनवर बोलत होते. समोरच्याला विश्वास देत होते. "अहो, जीप येते म्हणजे येते." असं बोलताना त्यांनी अंगठीचा हात मडगार्डवर मारला. दोनदा.

तो हात उठताना मी पाहिला. पहिली थाप पडली तेव्हा मला कळलं. मी ओरडू शकले असते. माझ्या हातात पाना होता, मी एक ठोका देऊ शकले असते. मी यापैकी काही केलं नाही. दुसरी थाप पडली आणि स्टार्टर फिरला.

पाइप खालून वर आला. यांच्या हनुवटीखाली लागला. चार वाजून दहा मिनिटं.

दादासाहेबांच्या गाडीत घातलं. ड्रायव्हरनं आधी सीटवर प्लास्टिक अंथरलं, मग आत घेऊ दिलं. मडावी भाऊंनी डोकं मांडीवर धरलं होतं. ते सारखं म्हणत होते, "उस्ताद, डोळे उघडे ठेवा. ऑर्डर आहे." हिंगणघाटच्या दवाखान्यानं वर्ध्याला न्यायला सांगितलं. हिंगणघाट सोडल्यावर पाच वाजून वीस मिनिटांनी हे गेले.

पंचनाम्याला रात्री नऊ वाजता पोलीस अंगणात आले. दादासाहेबांनी सांगितलं, "यांची इशाऱ्याची पद्धत आहे. बाईंनी दोन ठोके दिले, त्यानं स्टार्टर मारला." ते खोटं बोलत नव्हते. आपला हात त्यांच्या लक्षातच नव्हता, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. पोलीस हवालदारानं मला विचारलं, "बाई, इशारा तुम्ही दिला का?"

भोवती वीस-पंचवीस माणसं होती. मी पदर दातात धरून खाली पाहत राहिले.

त्यानं पुन्हा विचारलं. "दिला का नाही? एवढंच सांगा."

मडावी भाऊ पुढे आले. "साहेब, वहिनीले काऊन विचारता? इशारा झालाच नाई. मीच घाई केली. बिना इशाऱ्याचं बटन दाबलं."

हवालदारानं तसं लिहून घेतलं. मडावी भाऊंना वाटलं की मी चुकून ठोके दिले, आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. मला ते तिथेच समजलं. मी तेव्हाही बोलले नाही.

सव्वीसला सकाळी सहाला दादासाहेबांचा ड्रायव्हर दोन माणसं घेऊन आला. हे तेव्हा पोस्टमॉर्टेमला होते. त्यांनी रेडिएटर बसवलं, ऑइल वरपर्यंत भरलं आणि जीप घेऊन गेले. अंगणापासून सडकेपर्यंत थेंब पडत गेले. त्याच जीपमधून पाहुणे मैदानात आले. ऑइलबद्दल कोणी काही बोललं नाही. सत्कार सुरू होण्याआधी दिवंगत सैनिकांची नावं वाचली. शेजारची सुनंदाबाई तिथे होती. यांचं नाव घेतलं का, मी विचारलं. ती म्हणाली, एकानं कमिटीला विचारलं होतं, तर कमिटीतला म्हणाला की यादी ड्यूटीवर असताना गेलेल्यांची आहे.

मडावी भाऊंवर हलगर्जीपणाची केस झाली. केस आहे म्हणून गेटवरची नोकरी गेली. ते जंगल खात्याच्या कामावर रोजीनं जाऊ लागले. आमच्याकडे येणं बंद झालं. मी गॅरेज बंद केलं नाही. पंक्चर, ब्रेक, प्लग, एवढं मला येतं.

पुढच्या वर्षी जानेवारीत ती जीप परत आली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तीन जागी नेली. कोणाच्यानं निघत नाही. दादासाहेब म्हणतात, तुम्हीच पाहा." मी नाही म्हणायला हवं होतं, असं सुनंदाबाई म्हणते. पण त्या जीपचं यांचं जॉब कार्ड उघडं होतं. अर्ध्या कामाचं कार्ड हे कधी सोडत नसत. मी गॅसवाल्याला निरोप दिला आणि सहा किलोमीटर चालत मडावी भाऊंच्या गावी गेले.

ते अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. मी उभी राहिले. त्यांच्या आईनं गोंडीत काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं आणि माझ्यासाठी खाट ओढली.

मी म्हणाले, "बोल्ट खोलाचा आहे. दोन माणसं लागतात."

"येतो."

ते आले. गॅसवाल्यानं बोल्ट लाल होईपर्यंत तापवला. बॅटरी आम्ही आधीच काढून घरात ठेवली होती. चाकांना लाकडं, गाडी गिअरमध्ये, ब्रेकवर गॅसवाल्याचा पाय. मडावी भाऊ आणि मी पाइपवर. पहिल्या जोरालाच बोल्ट करकरला आणि फिरला. तापवणं धरून बावीस मिनिटं. गॅसवाला म्हणाला, "एवढ्यासाठी?" आणि आपल्या नळ्या गुंडाळू लागला.

तो गेल्यावर मी सांगितलं. अंगणात आम्ही दोघंच होतो, म्हणून सांगता आलं. "मडावी भाऊ, ते दोन ठोके माझे नव्हते. दादासाहेबाचा हात होता. फोनवर बोलता बोलता मारला त्यांनी."

ते पुली पुसत होते. पुसत राहिले.

"तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग तवा काऊन नाई बोलल्या?"

"नाई बोलता आलं."

त्यांनी पुली खाली ठेवली. "मी रोज उठून म्हणो, वहिनीच्या हातून झालं. बाईमाणूस, घाबरली असन. जाऊ दे. अन् तुमी मले सालभर तसंच समजू देल्लं." मग हात पुसत म्हणाले, "मायी तारीख आहे कोर्टात. तिथं येजा अन् बोलजा. मले सांगून काय होते?"

सील त्यांनी बसवलं. पुली बसवली, बोल्ट आवळला, लाल औषध न लावता. पाचला औजारं मोजली. सगळी भरली. चहा न घेता गेले.

तारीख सात वेळा पुढे गेली. मागच्या महिन्यात माझी साक्ष झाली. मी सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, मोठ्यानं सांगा. मी मोठ्यानं सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, "मग पोलिसांना तेव्हा का नाही सांगितलं?" मी म्हणाले, लाज वाटली. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकील म्हणाले, "नवरा समोर पडला आणि लाज वाटली?" मडावी भाऊ पिंजऱ्यात सावधान उभे होते, माझ्याकडे न पाहता. निकाल अजून व्हायचा आहे. त्यांच्या वकिलाला फारशी आशा नाही. एवढ्या उशिरा बोललेलं कोण मानतं, असं ते म्हणाले.

माझं बोलणं कोर्टाच्या कागदावर अडीच ओळीत मावलं. बाकीचं मी या वहीत लिहिलं. यादीत नाव वाचलं गेलं नाही म्हणून तेही लिहून ठेवते.

हवालदार मारोती भोयर. व्हेईकल मेकॅनिक. वय एकावन्न. पंचवीस जानेवारी, सतरा वीस. काम, ऑइल सील बदलणे. कामावर असताना गेले.

नायक सोमा मडावी यांनी बटन इशारा ऐकूनच दाबलं. इशारा खोटा होता. खरा द्यायचं काम माझं होतं.